जावईबापूंचा बोल्ट

न मोडणाऱ्या वस्तूंचे गोडवे सारे जग गाते; परंतु योग्य क्षणी मोडावे एवढ्याचसाठी जिचा जन्म आहे, अशा वस्तूकडे कोणी मान वळवूनही पाहत नाही. टर्नरनेही कधी पाहिले नव्हते. उमेदीची सारी वर्षे त्याने लेथवर लोखंड कातण्यात घालवली होती आणि त्याच्या हातून उतरलेला नग तक्रार घेऊन परत आला, असे एकदाही घडले नव्हते. कारखान्यात त्याला नावाने कोणी हाक मारीत नसे. टर्नर पुष्कळ होते, तथापि नुसते ‘टर्नर’ म्हटले की तोच, हे सर्वांनी गृहीत धरले होते. पुढे त्या कारखान्यात आपोआप चालणारी यंत्रे आली आणि जुन्या लेथ व जुने हात एकदमच बाहेर पडले. टर्नरने आपली लेथ भंगारवाल्याच्या गाडीतून अक्षरशः उतरवून घेतली व बायकोच्या माहेरी, अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून उभी केली. तिच्यामागोमाग तो स्वतःही तेथेच राहावयास आला.

“आधी लेथ आली, मग जावई आला,” त्याच्या सासूबाई, म्हणजे मामी, शेजारणीला सांगत. “तिला तेल लागतं, ह्यांना चहा. बाकी दोघांचा काही त्रास नाही.”

त्याचे सासरे, ज्यांना तो मामा म्हणे, कंत्राटाने गवत कापून देत असत. फळबागा, कालव्याचे काठ, खेळाची मैदाने, जेथे म्हणून गवत माजेल तेथे मामांचा ट्रॅक्टर आणि त्यामागचे फिरत्या पात्यांचे यंत्र जात असे. ते यंत्र म्हणजे उपड्या घातलेल्या परातीसारखे लोखंडी झाकण. त्याच्याखाली दोन जाड पाती गरगर फिरतात आणि वर मधोमध गिअरबॉक्स बसलेला असतो. ट्रॅक्टरची ताकद एका फिरत्या शाफ्टमधून त्या गिअरबॉक्सपर्यंत पोहोचते. जेथे शाफ्ट आणि गिअरबॉक्स यांची गाठ पडते, तेथे बोटाएवढा जाड एकच बोल्ट आरपार घातलेला असतो. तो मुद्दाम मऊ लोखंडाचा करतात. पाते दगडावर आपटले की तो बोल्ट तटकन तुटतो, शाफ्ट नुसताच फिरत राहतो, पाती थांबतात आणि गिअरबॉक्सचे दात वाचतात. त्याला शिअर बोल्ट म्हणतात. सर्व यंत्रात स्वस्त तोच, आणि बाकी सगळ्यांसाठी जीव देणाराही तोच.

मामांचा गिअरबॉक्स त्यांच्या मुलीपेक्षा वयाने मोठा होता. त्यातला एकही दात कधी बदललेला नव्हता. “माझे सगळे पडले,” आपल्या कवळीवर टिचकी मारून मामा म्हणत, “पण ह्याचे बघा!” या धंद्यातली माणसे वाट वाकडी करून तो गिअरबॉक्स पाहावयास येत आणि त्याच्यावर हात ठेवून, घोड्याची पाठ थोपटावी तशी थोपटून जात.

परंतु मामांच्या कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी ट्रॅक्टरवर चढण्यास कायमची मनाई केली. तेव्हा यंत्राचे काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. गवत कापणारा दुसरा एक कंत्राटदार होता. तो वाऱ्याच्या वेगाने येई, अर्धे कापी, अर्धे तुडवी आणि निघून जाई, म्हणून लोक त्याला वादळ म्हणत. त्याचा मामांच्या यंत्रावर फार दिवसांपासून डोळा होता. तो विचारावयास आला, तेव्हा मामा म्हणाले, “जुन्या वीटभट्टीचं मैदान जावईबापू कापणार आहेत. ते होऊ द्या, मग ठरवू.”

ते मैदान आता शाळेला खेळण्यासाठी मिळाले होते. कमरेएवढ्या गवताखाली विटांचे खुंट, भाजून दगड झालेले मातीचे गोळे आणि देव जाणे काय काय दडलेले होते. टर्नरला कोणी सांगावयास नको होते. ही आपली परीक्षा आहे, हे त्याने ओळखले. या वयात त्याला दुसरे कोणी काम शिकवणार नव्हते, आणि यंत्र वादळाकडे गेले, की अंगणात बसून चहा पिणे एवढाच उद्योग उरणार होता.

परीक्षेचा प्रारंभ काही शुभ झाला नाही. लेथवर हत्यार एकसारख्या गतीने पुढे सरकवायचे असते. त्यात हात कचरला की कामावर ओरखडा उठतो. टर्नर ट्रॅक्टरही तसाच चालवू लागला. गवत उंच येवो, ठेंगणे येवो, जमीन वर चढो, खाली उतरो, त्याची चाल तीच. मग व्हायचे तेच झाले. टक् असा आवाज येई, पाती थांबत, शाफ्ट मोकळाच भिरभिरे. टर्नर इंजिन बंद करून खाली उतरे, तुटका बोल्ट ठोकून काढी, नवा घाली. मामा मैदानाच्या कडेला, झाडाखाली घडीच्या खुर्चीत बसलेले असत. ते नुसता हात पुढे करीत.

“तुकडे द्या.”

“टाकले असते तिकडेच, मामा.”

“छे! आज गवतात टाकलेला तुकडा उद्या पात्याला भेटतो. आणि पाहुण्यासारखा नाही भेटत.” तुकडे डब्यात टाकून मामा म्हणत, “गेला बिचारा. कामाचा होता.”

जो तुटला त्याला कामाचा म्हणावे, हे टर्नरच्या बुद्धीला कसे पटणार? त्यातच एके दिवशी वादळ मोटारसायकल थांबवून कुंपणापाशी उभा राहिला.

“काय टर्नर, बोल्ट पेरताय की काय? उगवले तर आम्हालाही द्या चार!”

टर्नरच्या कानशिलांना आग लागली. घरी आला तर बायकोने भाजी चिरता चिरता, मान वर न करता विचारले, “आज कितवा?”

“तू पण वादळाला सामील झालीस का?”

“मी कशाला सामील होऊ? माझ्या बाबांचा डबा भरत आला, म्हणून विचारलं.”

तो शेडमध्ये गेला आणि दिव्याखाली तुटक्या बोल्टाचा एक तुकडा धरून पाहू लागला. आटे ओबडधोबड, डोके वाकडे, अंग खरबरीत. ‘असल्या मालाला आमच्या कारखान्याच्या फाटकातून आत घेतलं नसतं,’ तो मनाशी म्हणाला. आणि त्याच क्षणी त्याच्या हातून ती चूक घडावयास प्रारंभ झाला, जी केवळ उत्तम कारागीरच करू शकतो. अडाणी माणसाने खिळा ठोकला असता, आळशी माणसाने तार बांधली असती. टर्नरने ट्रकच्या जुन्या एक्सलचा तुकडा लेथवर चढवला. ते पोलाद इतके कणखर, की कातताना निळे चुरे वेटोळे घेत उडत होते. त्याने गिअरबॉक्सचे भोक आतून मापले. वापरून वापरून ते किंचित ढिले झाले होते. त्या ढिलाईलाही पुरून उरेल असा, केस शिरायला जागा राहणार नाही असा बोल्ट त्याने कातला. त्याचे आटे पाहून कोणाही जाणत्याचे डोळे निवले असते.

बायको दारात येऊन उभी राहिली. “बोल्ट करताय की दागिना?”

“तुटणार नाही असा करतोय.”

“तो तुटायचाच असतो हो. लहानपणापासून ऐकत आले मी.”

“तुटायचा असला म्हणून काय मुद्दाम वाईट बनवायचा?”

“बाबांना विचारा एकदा,” एवढे बोलून ती आत गेली.

त्याने विचारले नाही. उलट बोल्टाची चकाकी लपावी म्हणून त्यावर काळे तेल चोपडले, आणि सकाळी मामा चहा पीत असता तो गुपचूप यंत्रात बसवला.

त्या दिवशी बोल्ट तुटला नाही. यंत्राखाली खडखड झाली, एकदोनदा झाकण उसळले, पण पाती फिरतच राहिली. टर्नरची छाती फुगली. वादळ रस्त्याने गेला, पण बोलला नाही. तो न बोलण्याचा आनंदही टर्नरने मनसोक्त भोगला. झाडाखाली मात्र काही निराळेच चालले होते. एरवी खुर्चीत डुलक्या घेणारे मामा आज सावध बसले होते आणि घटकेघटकेला मान तिरकी करून कान देत होते. शेवटी त्यांनी हात वर केला. टर्नरने यंत्र थांबवले.

“आज यंत्र फार शांत आहे, जावईबापू.”

“ग्रीस भरलं सकाळी,” टर्नर म्हणाला आणि त्याचे त्यालाच ऐकवेना.

“हं.” मामांनी गिअरबॉक्सकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले. “पुरे आज. माझी कंबर दुखते आहे.”

अद्याप ऊन पुरते चढलेही नव्हते. परंतु मामांच्या कमरेपुढे कोणाचे काय चालणार?

घरी येताच मामांनी शेडच्या आढ्याकडे बोट केले. तेथे पोत्यात गुंडाळलेली एक लांब वस्तू टांगलेली होती. टर्नरने ती उतरवली. तो दुसरा शाफ्ट होता. त्याच्या एका टोकाला बशांची चळत एकमेकींवर घट्ट दाबून ठेवावी तसा जाडजूड गोल गठ्ठा होता: एक लोखंडी चकती, एक घासपट्टीची चकती, पुन्हा लोखंडी, पुन्हा घासपट्टीची; आणि भोवताली स्प्रिंगा लावून सर्वांना आवळलेले.

“स्लिप क्लच,” मामा म्हणाले. “उद्यापासून ह्या शाफ्टवर काम करू.”

मामी परातीत धान्य निवडत होत्या. “इतकी वर्षं टांगलेला! कोळ्यांनी तीन पिढ्या काढल्या त्यावर. आजच कशी आठवण झाली?”

“आज गरज पडली.”

“गरज कसली, लहर आहे.”

“लहर तर लहर. जावईबापू, जुना शाफ्ट सोडवा.”

जुना शाफ्ट सोडवायचा म्हणजे बोल्ट काढणे आले. त्याने नट फिरवला, बोल्ट हळूच मागे ठोकला आणि तो बाहेर येताच मुठीत लपवला. मामा दोन हातांवर, खुर्चीत बसलेले. ही संधी सोडू नये, असे त्याला वाटले.

“मामा, हा जुना झालाय. बाजारातला नवा घालू का?”

मामा क्लचवरची कोळिष्टके चिंधीने पुसत होते. त्यांनी वर पाहिले नाही. “नको. तोच घाला. चांगला बसलाय.”

टर्नरचा जीव टांगणीला लागला. सांगावे, तर यंत्र हातचे जाणार. न सांगावे, तर मामांच्या डोळ्यांदेखत त्यांना फसवणे चाललेलेच होते. तोंडाशी आलेला शब्द त्याने गिळला आणि तो बोल्ट नव्या शाफ्टच्या हबमधून, म्हणजे गिअरबॉक्सवर चढणाऱ्या टोकाच्या कड्यातून, आरपार बसवला. घड्याळात काटा बसावा तसा बसला, त्याबद्दल तक्रार नव्हती.

“आता हा क्लच जागा करायचा,” मामा म्हणाले. “इतकी वर्षं पडून राहिला, चकत्या गंजून एकमेकींना चिकटल्या असणार. दिसायला क्लच, पण आतून नुसता लोखंडाचा गोळा. स्प्रिंगांचे नट ढिले करा.”

टर्नरने ढिले केले. मग मामांनी सदऱ्याच्या खिशातून खडूचा तुकडा काढला. हा खडू त्यांच्या खिशात सदैव असे. तो कशासाठी, हे टर्नरने कधी विचारले नव्हते. मामा काठी टेकत उठले, वाकले आणि साऱ्या चकत्यांच्या कडेवरून एक आडवी रेघ ओढली.

“ही खूण कशाला? आम्ही दोन भाग जुळवताना करतो, ते हलू नयेत म्हणून.”

“इथं उलटं. हलावेत म्हणून. चढा वर, सगळे बाजूला झालो की क्षणभर फिरवा आणि बंद करा.”

टर्नरने तसे केले. शाफ्टने झटका घेतला, चकत्या कर्कश किंचाळल्या, गंजाचा लाल धुरळा उडाला. सगळे थांबल्यावर त्याने उतरून पाहिले. खडूची एकसंध रेघ तुकडे तुकडे झाली होती, आणि प्रत्येक चकती आपापला तुकडा घेऊन निराळीकडे गेली होती.

“सुटला!” मामांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. “आता आवळा. गच्च नाही हं! ही काडी बघा, स्प्रिंग एवढी उंच राहिली पाहिजे. सगळ्या सारख्या.”

ज्याने आयुष्यभर प्रत्येक नट गच्च आवळला, त्याला अर्ध्यावर पाना थांबवणे किती जड गेले असेल! काडी लावून लावून त्याने स्प्रिंगा सारख्या केल्या. मामांनी जुनी रेघ पुसून नवी ओढली आणि खडू पुन्हा खिशात ठेवला.

“आवळून गच्च केलेला क्लच आणि कुलूप लावलेलं दार, दोन्ही अडचणीच्या वेळी सारखीच,” ते म्हणाले.

मामी परातीतली नजर न उचलता म्हणाल्या, “ह्यांच्या स्प्रिंगा मात्र जन्माच्या ढिल्या. लग्न झाल्यापासून मीच आवळत आले.”

दुसऱ्या दिवशी मैदानाचा भट्टीकडला भाग कापावयाचा होता. यंत्र पाहून घ्यावे म्हणून वादळही आला होता. तो मामांच्या खुर्चीशेजारी, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा राहिला. टर्नरला रात्री झोप लागली नव्हती. आज मधल्या सुटीत मामांना सारे सांगून टाकायचे, असा त्याने मनाशी निश्चय केला होता. परंतु दैवाला तेवढीही सवड नव्हती. भट्टीच्या पडक्या भिंतीलगत वळताना यंत्राखाली प्रचंड दणका बसला. तो दगडाचा नव्हता. विटांच्या ढकलगाड्यांसाठी कोणे एके काळी पुरलेल्या रुळाचा तुटका खुंट तेथे गवतात उभा होता, आणि पाते त्याच्या पोटात घुसले होते.

टर्नर ‘टक्’ची वाट पाहत राहिला. ती आली नाही. आपण घातलेल्या बोल्टाकडून ती येणार नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? त्याऐवजी अशी किंचाळी उठली, की झाडावरची पाखरे उडाली. यंत्राखालून धूर निघाला. जळक्या घासपट्टीचा दर्प नाकात शिरला. त्याने खाडकन शाफ्टची ताकद तोडली, इंजिन बंद केले आणि तसाच बसून राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे गिअरबॉक्सचे दात दिसू लागले: मामांच्या मुलीपेक्षा जुने, एकही न बदललेले, आणि आता तेलात चुरा होऊन पडलेले.

“गेला!” वादळ ओरडला. “आवाजावरून सांगतो, गिअरबॉक्स गेला. मामा, आता भंगाराच्या भावातच द्यावा लागेल हो!”

टर्नर खाली उतरला. यंत्र पूर्ण थांबल्याची खात्री करून त्याने पाते खुंटापासून सोडवले, मग शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. त्याच्या हातांना लोखंडाची भाषा येत होती. एखादा दात तुटला असता तर ते फिरणे कोठेतरी अडखळले असते. ते अडखळले नाही. लोण्यातून सुरी जावी तसा गिअरबॉक्स फिरला. त्याने पुन्हा फिरवला. तेच. बोल्ट पाहिला, तो जसाच्या तसा होता. मग त्याची नजर क्लचकडे गेली. मामांनी ओढलेली खडूची रेघ दुभंगली होती. एक टोक इकडे, एक पार पलीकडे.

तेव्हा कोठे त्याच्या ध्यानात आले. खुंट हटला नाही, बोल्ट तुटला नाही. मध्ये ह्या चकत्या एकमेकींवरून घसरल्या, स्वतः होरपळल्या आणि तो सारा आघात धुरात विरवून मोकळ्या झाल्या. बोल्ट जीव देऊन जे करतो, ते यांनी जीव राखून केले होते. आपल्या आयुष्यात इतके देखणे काम आपण पाहिले नाही, असे त्याला वाटले. आणि ज्याने कातण्यावाचून कशालाच देखणे म्हटले नव्हते, त्याला असे वाटणे ही लहान गोष्ट नव्हती.

तो मान खाली घालून मामांपाशी आला.

“मामा, बोल्ट तुटला नाही.”

“तो कसा तुटेल? एक्सलचा ना?”

टर्नरने दचकून वर पाहिले. “तिनं सांगितलं?”

“माझी मुलगी? तिनं तुमची चहाडी केली, असं ऐकलंत का कधी? यंत्रानंच सांगितलं. बाजारचा बोल्ट भोकात जरासा हलतो, म्हणून यंत्र फिरताना बारीक टिकटिक असते. तेवढ्यावर मला खुर्चीत झोप लागते. काल झोपच येईना. म्हटलं, हे काय? टिकटिक गेली कुठं? भोकात इतका घट्ट बोल्ट बसवणारा माणूस ह्या गावात एकच.”

टर्नरला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. “चुकलं माझं. पण मग काढून टाका म्हणायचं होतं. ओरडायचं होतं.”

“काढवेना हो,” मामा म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात थट्टा नव्हती. “काल तुम्ही मुठीत लपवलात, पण भोकात सरकवताना आटे दिसले मला. असे आटे मी कधी पाहिले नाहीत. शिअर बोल्टाच्या जागी तो चूकच. सांगायला पाहिजे होतंत, तिथं चुकलात. पण क्लच लावला की हबला असाच बोल्ट लागतो. न हलणारा, न तुटणारा. गिअरबॉक्सचं भोक ढिलं, बाजारचा कुठला बोल्ट त्यात टिकेना, म्हणून तर तो शाफ्ट इतकी वर्षं आढ्याला लटकला. मग विचार केला, चांगला बोल्ट टाकून कशाला द्यायचा? यंत्रच बदलावं त्याच्या भोवतीनं.”

कारखान्यात मोठमोठ्या साहेबांनी टर्नरच्या कामाची तारीफ केली होती. परंतु आपल्या चुकीला अशी अचूक जागा शोधून देणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटला होता.

“बरं, ती पंचाईत नंतर,” वादळ मध्येच म्हणाला. “गिअरबॉक्सचं काय?”

“क्लच निवलाय का बघा, आणि चालवून दाखवा ह्यांना,” मामांनी सांगितले.

टर्नरने क्लचला पालथा हात लावून पाहिला, आणखी थोडा वेळ जाऊ दिला, पुन्हा पाहिला. मग खुंटाला चिंधी बांधून खूण केली, यंत्र बाजूला घेऊन थोडे उचलले आणि सुरू केले. पाती भरारा फिरू लागली. या खेपेस त्याने चाल सोडून जमिनीचे ऐकले: जेथे गवत दाट, तेथे तो मंदावला, जेथे उंचवटा, तेथे यंत्र उचलले. मैदानाचा तो तुकडा रंधा मारल्यासारखा मागे पडत गेला. वादळाचे कमरेवरचे हात आपोआप खाली आले. टर्नर परत येऊन उतरला, तेव्हा तो गिअरबॉक्सवर वाकून बोल्ट न्याहाळत होता.

“टर्नर, असा एक मला पण करून द्या.”

मामा टर्नरकडे पाहत राहिले.

“तुमच्या यंत्राला क्लच आहे का?” टर्नरने विचारले.

“क्लच कशाला? दणकट बोल्ट असला की झालं.”

“मग तुम्हाला हा देणार नाही. तुम्हाला तुटणारा करून देईन.”

“तुटणारा? आणि तुमच्या लेथवर?”

“हो. पण वेळेवर तुटणारा. बाजारचे काही आधीच तुटतात, काही उशिरा. माझा उशीर करणार नाही.”

मामांनी काठीने जमिनीवर एक ठोका दिला. “ऐकलंत ना?” ते वादळाला म्हणाले. “यंत्र विकायचं नाही. चालवणारा घरातच आहे.”

“अहो, पण तुम्ही म्हणाला होता, मैदान झालं की ठरवू! अजून अर्धं बाकी आहे!”

“मैदान बाकी आहे,” मामा म्हणाले. “ठरलंय मात्र.”

वादळाने मोटारसायकल चालू केली आणि जाता जाता, “बोल्ट कधी मिळेल?” असे ओरडून विचारले.

उन्हे कलल्यावर ट्रॅक्टर अंगणात आला. मामांनी खुर्चीत बसल्या बसल्या खिशात हात घातला आणि खडूचा तुकडा टर्नरपुढे धरला. किल्ली त्यांनी कधीचीच दिली होती. खडू मात्र दिला नव्हता. टर्नरने दोन्ही हात सदऱ्याला पुसून तो घेतला. क्लचपाशी उकिडवा बसून त्याने जुनी रेघ चिंधीने पुसली, काडीने स्प्रिंगा पुन्हा तपासल्या आणि साऱ्या चकत्यांवरून नवी रेघ ओढली. चकत्यांच्या कडांवर खडू अडखळत गेला.

मामी मागून डोकावल्या. “अगंबाई, एवढा मोठा टर्नर, आणि रेघ वाकडी?”

“तुटायचीच आहे ती, आई,” बायको उंबऱ्यातून म्हणाली. “तिला सरळ कशाला व्हायला पाहिजे?”

टर्नरने एकदा रेघेकडे पाहिले, एकदा मामांकडे. मग चिंधी घेतली, रेघ पुसली आणि पहिल्यापासून सरळ ओढली.